बाळंतखोलीची बॅटरी

चाकूर, ९ जून १९४५

आज वाचनालयाच्या माळवदावर वाऱ्याचं यंत्र उभं राहिलं. त्याआधी भाषणं झाली. दादा बोलला, वाचनालयाचे अध्यक्ष हणमंतराव बोलले, लातूरचे एक अडत्ये बोलले. आता दिल्ली-लंडनच्या बातम्या चाकुरात येणार, रेडिओ लागणार, गाव जागं होणार. बाळंतखोलीचं नाव एकानेही घेतलं नाही.

दोन वर्षं मी दिव्यासाठी दादाच्या मागे लागले आहे. लढाईपायी रॉकेल कंट्रोलवर गेलं, तेव्हापासून मी कंदिलाच्या काजळीत बाळंतपणं करते. हैदराबादेत नर्सिंग शिकले ते विजेच्या दिव्याखाली. हे गेल्यावर दादाने मला इथे आणलं, वेशीबाहेरच्या टेकाडावर खोली मिळवून दिली, ते मी विसरत नाही. पण हे यंत्र आणायचं ठरलं तेव्हा त्याने मला शब्द दिला होता की रेडिओला एक बॅटरी आणि खोलीला एक. त्याच्या भाषणात रेडिओ सात-आठ वेळा आला असेल. दादा म्हणजे रेणुकादास वकील, वाचनालयाचे चिटणीस. टाळ्या पडल्या.

मी शेवटी विचारलं, यंत्र लिंबाच्या झाडाच्या आडोशाला का उभारलं, टेकाडावर वारा मोकळा आहे. हणमंतराव हसले. "नरसबाई, तुम्ही पोरं काढा. वाऱ्याचं आम्ही बघतो."

२१ जून

यंत्र कसं चालतं ते गुरुपादप्पाला विचारून घेतलं. तो लातूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर असतो, त्यानेच हे जुळवलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी हसलं तर उत्तर देता येईल.

सागवानाचं लांब पातं, दोन्ही टोकं मिळून पुरुषभर. कोरतानाच त्याला पीळ दिलेला आहे. समोरून आलेला वारा त्या पिळावरून घसरतो आणि पात्याला बाजूला ढकलतो, त्यामुळे ते फिरतं. मागे पत्र्याचं शेपूट आहे, वारा वळला की ते पंख्याचं तोंड वाऱ्याकडे वळवतं. पंख्याच्या आसाला मोडक्या लॉरीचा डायनामो. त्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी चुंबकाजवळ फिरते आणि तारेत वीज येते. लॉरीचं इंजिन फार जोरात फिरतं, वारा तेवढा फिरवत नाही, म्हणून गुरुपादप्पाने जुनी गुंडाळी सोडून बारीक तारेचे पुष्कळ जास्त वेढे दिले. वीज खाली येऊन बॅटरीत साठते. मध्ये एक कटाउट आहे. वारा पडला की तो वाट तोडतो, नाहीतर बॅटरीतलीच वीज उलटी जाऊन पंखा फिरवत बसेल.

"रॉकेल नको, कोळसा नको, माणूस नको," गुरुपादप्पा म्हणाला. "वारा मात्र पाहिजे बाई, आणि तो आपल्या हुकुमात न्हाई."

बॅटरीतल्या तेजाबाचा एक थेंब माझ्या पदरावर पडला. घरी येईतो तिथे भोक.

४ जुलै

खोलीची बॅटरी पंख्यावर भरून आली, आणि आज तारामतीचं बाळंतपण झालं. बाळ आडवं होतं. आतून फिरवून पायाकडून घेतलं, मग आतली चीर दिसली आणि ती मी बघत, नीट, एकेक टाका घालत शिवली. मोटारीच्या दिव्याचा तो एवढासा बल्ब, पण माझ्या हाताची सावली माझ्याच कामावर पडली नाही.

जुन्या सुईण शांतम्मा माझ्या मदतीला असतात. त्या बराच वेळ बल्बकडे बघत राहिल्या. "इतकी वर्सं मी हे सगळं बोटांनी बघितलं," म्हणाल्या. "डोळ्यांनी आज."

आज कुणावरही राग नाही. तारीख लक्षात ठेवायला हवी.

१९ जुलै

वारा पिसाळला आहे. असा वारा सुटला की दोरी ओढून शेपूट मुडपायचं, पंखा वाऱ्याकडे पाठ करतो, असं गुरुपादप्पाने दहादा सांगितलं होतं. पण बॅटरी भरते आहे, भरू द्या, म्हणून मंडळी बसून राहिली. पात्याचं टोक चिरफाळलं आणि ढलपी शेजारच्या अंगणात जाऊन पडली. तिथे मूल खेळत नव्हतं हे नशीब.

गुरुपादप्पा मोटारीने आला, नवं पातं बसवून गेला. जाताना टेकाडावर येऊन बल्बची तार तपासली. तार ठीक होती.

१७ ऑगस्ट

लढाई संपली. परवापासून वाचनालयात माणूस मावत नाही. रेडिओ सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, त्यांची बॅटरी उतरली, तेव्हा माझ्या खोलीचं कुलूप दादाकडून किल्ली घेऊन उघडलं आणि माझी बॅटरी नेली. एका दिवसापुरती.

त्याच दिवशी वडवळची एक मुलगी बैलगाडीतून आली. पहिलटकरीण. मी कंदिलावर बाळ घेतलं, बाळ चांगलं आहे. टाके मात्र मी अंदाजाने घातले. अंदाजाने. तिला अजून धड बसता येत नाही, आणि इकडे वाचनालयात जपान कसा नमला यावर पानं खाऊन चर्चा चालली आहे.

मी तिथे जाऊन बोलले. हणमंतराव म्हणाले, "जगाची लढाई संपली बाई, अन् तुम्ही एका बॅटरीचं घेऊन बसल्या."

दादाने खाली मान घालून किल्ली परत दिली. मी बॅटरीवर गेरूने 'बाळंतखोली' लिहिलं. उद्या त्यावर तेलरंग देणार.

१२ सप्टेंबर

दादा आठवड्याला एकदा लातूरला जातो. मुन्सफीच्या कोर्टात तारीख असते म्हणे. जाताना मोठं पोतं घेऊन जातो, येताना घामाने निथळतो. वहिनीने विचारलं तर कागदपत्रं म्हणाला. त्याच्या धोतराला बारीक बारीक भोकं पडली आहेत. वाचनालयातल्या मंडळींच्या नादाने विड्या ओढायला लागला असणार. वकिलाला हे शोभत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो नुसता 'हं' म्हणाला. त्याला राग येत नाही, हेच मला सहन होत नाही.

८ ऑक्टोबर

वारा गेला. पंखा दिवसदिवस हलत नाही, हलला तर आळसावल्यासारखा दोन वेढे घेतो आणि थांबतो. गुरुपादप्पा तेलपाणी करायला आला होता. न फिरणाऱ्या यंत्राला इतकं कसलं तेल लागतं मला कळत नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. वारा निम्मा झाला की त्याची ताकद निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. म्हणून आषाढात उतू जात होतं ते आता तळाला गेलं. होळी सरेपर्यंत हे असंच.

लगेच वाचनालयात सभा. मला बोलावणं नव्हतं, मी दाराशी उभी राहिले. ठराव असा की पंखा जी काही वीज देईल ती आधी रेडिओच्या बॅटरीला. ती भरली तर मग बाळंतखोलीच्या. कारण रेडिओ साऱ्या गावाचा, आणि बाळंतपण ज्याच्या त्याच्या घरचं.

हात वर करा म्हटल्यावर दादाने हात वर केला.

माझ्या भावाने. मी त्याच्याकडे बघत होते, तो हाताकडे बघत होता.

२० ऑक्टोबर

यांचा खोटेपणा मला सापडला आहे. वारा नाही, वीज नाही म्हणतात, आणि माझी बॅटरी दर आठवड्याला काठोकाठ भरून येते. दादा ती पंख्याला लावायला म्हणून घेऊन जातो, दुसऱ्या दिवशी आणून ठेवतो, बल्ब लख्ख. म्हणजे वारा भरपूर आहे. ही मंडळी दिवसभर रेडिओ ऐकून आपली उतरवतात आणि वाऱ्याच्या नावाने बोंबलतात.

आज रस्त्यातच हणमंतरावांना अडवलं. "उरल्यासुरल्या वाऱ्यावर माझी बॅटरी भरते, मग तुमची का भरत नाही?"

ते गोंधळले. "तुमची भरते?"

"दर आठवड्याला."

पंख्याकडे बघत बघत निघून गेले. चांगलं तोंड बंद केलं.

२६ ऑक्टोबर

हणमंतरावांनी सभेत दादाला विचारलं म्हणे, बाईंची बॅटरी कशी भरते, चोरून पंख्याला लावता का. दादा गप्प राहिला. त्याला चोर ठरवून मंडळी उठली.

हे वहिनीने मला चुलीपुढे सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. वहिनी म्हणजे कुसुम, जी आवाज चढवत नाही. आज चढवला. "वन्सं, पंखा कुठला आलाय. हे पोत्यात घालून लातूरला नेतात तुमची बॅटरी. जिनिंगच्या इंजिनावर भरून आणतात. मोटारस्टँडपासून पाठीवर. धोतरं बघा त्यांची, तेजाबानं चाळण झाली. आणि तुम्ही त्यांना विड्यांवरून बोलता."

मी तशीच ओसरीवर गेले. दादा पक्षकाराचा अर्ज लिहीत होता.

"हे सभेत का नाही सांगितलंस?"

त्याने टाक खाली ठेवला. "सांगितलं असतं तर हणमंतराव म्हणाले असते, मग रेडिओचीही तिथूनच भरून आण. रोज कोण नेणार? वाद झाला असता. वाचनालय मोडलं असतं. फार कष्टाने उभं राहिलंय ते."

"म्हणून माझ्याविरुद्ध हात वर केलास."

"तुझं काम कुठे अडलं, सौदा?" लहानपणीच्या नावाने हाक मारली त्याने.

"माझं काम चोरून चालवायचं? बाळंतपण म्हणजे काय चोरी आहे? चार माणसांत हात माझ्याविरुद्ध वर करायचा आणि पोत्यात घालून मला दान आणून द्यायचं. मला नको ते. पुन्हा माझ्या बॅटरीला हात लावू नकोस."

"खरंच म्हणतेस?"

"खरंच."

त्याने टाक उचलला आणि अर्ज पुढे लिहायला लागला.

१५ नोव्हेंबर

बॅटरी उतरत चालली. बल्ब आता कंदिलापेक्षाही तांबडा जळतो. हणमंतरावांना सांगितलं, ते म्हणाले, वाऱ्याला सांगा. ज्या गावाला बातम्या लागतात आणि बायका लागत नाहीत, त्या गावाचं काय सांगावं.

दादा ओसरीवर बसून असतो. मी येता-जाता माझ्याकडे बघतो. विचारत नाही. हट्टी माणूस.

२३ नोव्हेंबर

काल दिवेलागणीला सिंधूला आणलं. हणमंतरावांचा धाकटा भाऊ भुजंग, त्याची बायको. अंगाने बारीक, दोन दिवस घरीच कळा देत होती, घरच्यांनी आणायला उशीर केला. मूल लवकरच झालं, मुलगा, रडला. वार पडली. आणि रक्त थांबेना.

पोट दाबून धरलं, गर्भाशय घट्ट झालं, तरी रक्त येतच होतं. म्हणजे आत चीर होती. ती दिसली तर शिवता येते, दिसली नाही तर नाही. बल्बची तार नुसती लाल झाली आणि विझली. कंदील जवळ आणला तर माझ्याच डोक्याची सावली. शांतम्मांनी आत मूठ घालून चीर दाबून धरली. "जा," म्हणाल्या. "मी धरते. जा लवकर."

मी टेकाडावरून पळत वाचनालयात गेले. हात कोपरापर्यंत माखलेले. खोली भरलेली, दिल्लीच्या किल्ल्यात आझाद हिंद सेनेवर चाललेल्या खटल्याच्या बातम्या. दारात बसलेल्यांनी मला बघितलं आणि बाजूला सरकले. हणमंतराव रेडिओजवळ होते. त्यांनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं.

"बातम्या संपू द्या."

मी म्हटलं, "बॅटरी द्या."

"दोन मिनिटं थांबा बाई. मोठी बातमी हाय."

तेवढ्यात मला भुजंग दिसला. बायको तिकडे मरते आहे आणि हा खांबाला टेकून खटला ऐकत होता. बाप्यांनी तिथे थांबायचं नसतं म्हणून त्याला घरच्यांनी पाठवून दिलं होतं. माझ्या हातांकडे बघून तो पांढरा पडला. सिंधू माझ्याकडे आहे हे हणमंतरावांना ठाऊक दिसत नव्हतं, आणि मी त्यांना एक शब्दही सांगितला नाही. कुणाची बायको हे कळल्यावर दिलेली बॅटरी मला नको होती.

"भुजंगराव, उठा. तारा सोडा."

तो उठला आणि थोरल्या भावाकडे बघायला लागला. हणमंतराव म्हणाले, "बस खाली."

भुजंग बसला नाही. माणसांच्या मांड्यांवरून पाय टाकत आला आणि दोन्ही तारा उपटल्या. बातमी अर्ध्या वाक्यात तुटली. कोपऱ्यात दादा उभा राहिला होता, त्याने दुसऱ्या बाजूने बॅटरी धरली. दोघं ती टेकाडावर घेऊन धावले, मी पुढे. दादाची चप्पल वाटेत राहिली.

दिवा लागला. चीर वरच्या अंगाला होती, मला वाटलं त्याच्या अगदी उलट बाजूला. अंदाजाने शिवायला गेले असते तर ती गेली असती. शांतम्मांचा हात आखडला होता, बोटं मिटेनात.

सिंधू आहे. कागदासारखी पांढरी, पण आहे. सकाळी पेज प्याली.

एका गावाने एका बाईला बातम्यांच्या भावात विकलं होतं. हे मी विसरणार नाही.

२५ नोव्हेंबर

सभा झाली. मला बोलावणं होतं, मी गेले नाही. वहिनी पहिल्यांदाच गेली आणि दाराशी बसून ऐकून आली. तिने सांगितलं ते असं.

कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाने असं घुसून तारा सोडायला लावणं बरोबर नाही. त्यावर दादा उठला. म्हणाला, "ठरावाला मी हात वर केला ती माझी चूक. बॅटरी मी लातूरला नेत होतो तेही सांगतो. यापुढे पोत्यात घालून नेणार नाही, उघडी नेईन. पंखा टेकाडावर जाईल. नाही गेला तर चिटणीस दुसरा बघा."

मग भुजंग हणमंतरावांकडे वळून म्हणाला, "माजी बायको व्हती ती. दादा, तुमची भावजय. तुम्ही बस म्हनलात मला."

हणमंतराव उठून गेले. सगळ्यांना वाटलं, घरी गेले. ते टेकाडावर आले होते. खोलीबाहेर उभं राहून भिंतीकडे बघत विचारलं, "सिंधू जेवली का?" मी म्हटलं, जेवली. आणखी काही बोलण्याची माझी इच्छा नव्हती. ते परत वाटेला लागले.

दादा घरी आल्यावर म्हणाला, "बोललो आज." मी म्हटलं, जूनमध्ये बोलायचं होतंस. तो हसला. मला हसू आलं नाही, पण त्याचं फाटकं धोतर मी शिवायला घेतलं. भोकं इतकी आहेत की शिवून उपयोग नाही.

१६ डिसेंबर

पंखा टेकाडावर उभा राहिला. गुरुपादप्पा तीन दिवस राहिला होता. खांब उंच केला, चारी बाजूंनी तारा ताणल्या. इथे वाचनालयापेक्षा वारा बरा आहे, झाडाने तुटत नाही. तरी हिवाळ्यात बॅटरी पुरती भरत नाही. त्यामुळे लातूरला न्यावी लागते, आणि आता पाळ्या लावल्या आहेत. या आठवड्यात हणमंतरावांची पाळी होती. दोघा गड्यांना पाठवतील असं मला वाटलं होतं. स्वतः घेऊन गेले. तेजाब सांडून घेतलं असेल अंगावर, असेना.

रेडिओ बाळंतखोलीच्या ओट्यावर आला आहे. दोन्ही बॅटऱ्या आत, रेडिओ बाहेर, मध्ये भिंतीला भोक पाडून तार. नियम मी केला. आत दिवा लागला की बाहेर रेडिओ बंद, बातमी कोणतीही असो. बटण माझ्या बाजूला आहे.

गुरुपादप्पा जाताना म्हणाला, आषाढात शेपटाची दोरी कोण ओढणार, मी येऊन राहू का महिनाभर. मी म्हटलं, दोरी मला ओढता येते. तो बरं म्हणाला आणि मोटारीची वाट बघत बराच वेळ बसून राहिला. मोटार दोन तास उशिरा होती, आधी सांगितलं असतं तर चहा केला असता.

२० जून १९४६

वारा परत आला आहे. पंखा दिवसभर गुणगुणतो, त्याचा आवाज डोक्यात बसतो. शांतम्मा म्हणतात मधमाश्यांचं पोळं आहे. मला त्रास होतो, पण दिवा पांढरा जळतो.

आज ओट्यावर माणसं मावत नव्हती. दिल्लीत इंग्रज मंत्री आले आहेत, देशाचं काय होणार, निजामाचं काय होणार, सगळ्यांचे कान रेडिओला. बातम्या सुरू झाल्या आणि कमलम्माच्या लेकीला जोराची कळ आली. मी बटण दाबलं. बाहेर एकदम शांत.

मला वाटलं उठून जातील. शिव्या देतील, आपापल्या घरी जातील. कुणी उठलं नाही. आत ती मुलगी ओरडत होती, आणि बाहेर ओटाभर पुरुष बसून ते ऐकत होते. एवढ्या जवळून त्यांनी ते कधी ऐकलं नसावं. ओरडण्याला दम लागला की कुणी खाकरायचं, पुन्हा गप्प. मला तर त्यांचा रागच आला. काय बघायला बसले आहेत, तमाशा आहे का.

मुलगी झाली. चीर नाही, टाका नाही. दिवा विझवून मी बाहेर आले, रेडिओ लावला तर गाणं चाललं होतं. बातम्या संपल्या होत्या.

हणमंतरावांनी विचारलं, "सुटली का?"

"सुटली."

"बरी हाय?"

"हाय." माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच निघालं. मग पायरीकडे लक्ष गेलं. पानाच्या पिचकाऱ्या. बाळंतखोलीच्या पायरीवर. मी आतली बादली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"विहिरीवरून पाणी आणा. ही पायरी धुवायची आहे, आणि आत बाळंतिणीला गरम करायला दोन बादल्या लागतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग हणमंतरावांकडे. दादाने बादलीला हात घातला. हणमंतरावांनी त्याचा हात बाजूला केला, धोतर वर खोचलं आणि टेकाड उतरून गेले.

त्यांना पाणी शेंदता येत नाही. पहिली बादली अर्धी आली, निम्मं पाणी धोतरावर. मी परत पाठवलं.